आबाजीची पेटी सापडली, पण वाजवायची घाई नको करू

यवतमाळकडच्या एका पोरानं विचारलं आहे. आधी त्याचा प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. त्याच्या आबाजीचा लाऊडस्पीकरचा धंदा होता, लग्न, गणपती, जत्रा, सगळीकडं भोंगे बांधायला जायचे. यंदा कोठा पाडायला काढला तर कुटाराच्या मागं टिनाची मोठी पेटी निघाली, त्यात दीड-दोनशे तबकड्या, काही जड आन कडक, काही पातळ वाकणाऱ्या, सोबत चावीचा एक पेटी-ग्रामोफोन आन प्लॅस्टिकचा सूटकेससारखा एक रेकॉर्ड प्लेअर. तो म्हणते, "काका, या कशानं पुसू, कशावर वाजवू आन विकल्या तर किती येतील, मोबाईलवर तर लाखोंचे भाव दाखवून राहिले."

भाऊ, तुझे तीन प्रश्न आहेत आन तिन्हीचं पहिलं उत्तर एकच, काहीच करू नको. खरंच सांगतो. पस्तीस-चाळीस वर्षं झाली मला या नादात, आधी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं वर्धा जिल्ह्यात, आता नुसता नाद उरला. एवढ्या वर्षांत पाहिलं ते हे की तबकडी पन्नास वर्षं कोठ्यात पडून जेवढी खराब होत नाही तेवढी सापडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात होते. उत्साहात कोणी ओल्या फडक्यानं पुसते, कोणी सॅनिटायझर मारते, कोणी उन्हात ठेवते, आन भाचा आला की चावी भरून गंजक्या पिनेनं वाजवून व्हिडिओ काढते. झालं सत्यानाश.

सगळ्यात आधी पेटी सावलीत घे. आतल्या खोलीत, मातीच्या भिंतीचं माजघर असेल तर त्याहून चांगली जागा नाही. टिनाखाली नको, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून नको. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५-४६ ला जाते, आन टिनाखाली त्याहून किती वर जात असेल ते तूच समज. पातळ वाकणाऱ्या तबकड्या विनाइलच्या असतात, त्या साठ अंशाच्या आसपास मऊ पडतात. मी एकदा वाकडी झालेली एलपी सरळ करायला दोन काचांमध्ये ठेवून गच्चीवर ठेवली, बायकोनं तिथंच कुरडया वाळत घातल्या होत्या. तासाभरानं गेलो तर कुरडया कच्च्याच होत्या, एलपीचा मात्र पापड झाला होता. आन कूलरसमोर तर अजिबात नको. कूलरची दमट हवा आपल्याला बरी वाटते पण कागदी कव्हरला बुरशी धरते आन ती बुरशी तिथून खाचेत उतरते.

आता वेगळ्या काढ. कडक, जड, दहा इंची, वाकत नाही, पडली की बशीसारखी फुटते, ती ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ चकरा फिरणारी. बारा इंची पातळ ती एलपी, ३३ वर चालते. सात इंची छोटी ती बहुतेक ४५ ची ईपी, दोन्ही बाजू मिळून चार गाणी. हे वेगळं करणं म्हणजे नुसती टापटीप नव्हे, दोघींची सुई वेगळी, धुणं वेगळं, मरणही वेगळं. ७८ ची तबकडी लाखेची असते. लाख म्हणजे तीच, पळसावर, बोरीवर, कुसुमावर किड्यानं केलेली, आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलात होते ती. ती लाख, बारीक दगडाची भुकटी, काजळी, असं सगळं मिसळून गरम साच्यात दाबायचे. आपल्या पळसाच्या झाडाचा आन गाण्याचा असा संबंध आहे म्हटलं तर लोकांना खोटं वाटते.

दगडाची भुकटी काहून टाकायचे, हे एकदा समजलं की अर्धी अक्कल येते. चावीच्या ग्रामोफोनचं साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरणारा आन आवाज काढणारा गोल डबा, शंभर ग्रॅमच्या वर वजन घेऊन खाचेत बसते. नवीन लोखंडी पिन टोकदार असते, ती पहिल्या काही चकरांत त्या भुकटीवर घासून खाचेच्या आकाराची होते आन मग नीट बसून वाजते. म्हणजे तबकडीच पिन घासून घेते, मुद्दाम तसंच केलं आहे. म्हणून नियम होता, एक बाजू एक पिन. गाणं संपेस्तोवर त्या पिनेच्या टोकाला दोन्हीकडून धारदार कडा आलेल्या असतात, तीच पिन दुसऱ्या बाजूला लावली तर रंध्यासारखी खाच सोलते. दोनशे पिनांची टिनाची डबी यायची, कुत्र्याचं चित्र असलेली, कित्येक घरांत त्या डबीत नंतर हळदीकुंकू राहायचं. तुझ्या पेटीत डबी असेल तर डबी ठेव, आतल्या वापरलेल्या पिना फेकून दे. नवीन पिना आजही मिळतात, महाग नाहीत. पण तुझ्या आबाजीसारखे लाऊडस्पीकरवाले रात्री बारा वाजता वरातीत पिन बदलत बसत नव्हते, हे धरून चाल.

आन हाच मुद्दा मला तुला नीट दाखवायचा आहे. एक ७८ ची तबकडी घे, खिडकीजवळ जा, उजेड तिरपा पडेल अशी धर. काळीकुळीत चमकली तर वा. पण बहुतेक बाजूंवर तुला राखेसारखे करडे पट्टे दिसतील. ती धूळ नाही, पुसून जाणार नाही, ती झिजलेली खाच आहे. जिथं गाण्यात आवाज मोठा होते तिथं पट्टा जास्त करडा, आन आतल्या चकरांमध्ये, लेबलजवळ, सगळ्यात जास्त. आता उलटून दुसरी बाजू पाहा. ती कदाचित नव्यासारखी असेल. म्हणजे गावानं कोणतं गाणं परत परत मागितलं आन कोणतं कोणीच मागितलं नाही ते तबकडीवर लिहिलेलंच आहे, वही ठेवायची गरज नाही.

माझ्याकडं असाच एका मंडपवाल्याचा लॉट आला होता. त्यानं लेबलवर ऑइलपेंटनं मोठे आकडे टाकले होते, गॅसबत्तीच्या उजेडात पटकन सापडावे म्हणून, आन काहींवर आकड्याच्या बाजूला फक्त एक अक्षर, "पं" म्हणजे पंगत, "व" म्हणजे वरात, "बि" म्हणजे बिदाई. "बि" वाल्या तबकडीची ती एक बाजू पार पांढरी पडली होती. अर्धी तर नुसती खरखर. विकत घेणारा म्हणेल हिची किंमत शून्य, कंडिशन खराब. मला तर ती सोडवेना. त्या खरखरीत किती पोरी सासरी गेल्या असतील न बाप्पा. तुझ्या आबाजीनं असं काही लिहिलं असेल तर खबरदार ते खरवडलं तर. कव्हरवर गावच्या दुकानाचा शिक्का असतो, कोणी कोणाला आहेर दिल्याचं पेनानं लिहिलेलं असते, तेही तसंच राहू दे.

धुण्याचं ऐक. ७८ च्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, सुतार तर पॉलिशला लाख स्पिरिटमध्येच विरघळवते. मला हे माहीत होतं आन तरी मी केलं. नवीन नवीन होतो, दुकानात टेपरेकॉर्डरचं हेड पुसायची बाटली हाताशी होती, एका गिऱ्हाइकानं विश्वासानं दिलेली नाट्यगीताची तबकडी, कापूस ओला केला आन फिरवला. कापूस काळा झाला, मला वाटलं काय मळ निघून राहिला! दुसरा कापूस घेतला, तोही काळा. तिसऱ्याला उजेड पडला की हा मळ नाही, गाणं निघून राहिलं. त्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटली, अजूनही वाटते.

साधं पाणी, कोमट नाही, थंडच, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादाच थेंब. मऊ ब्रश, लहान पोराचा टूथब्रश चालते, खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, मी तर स्टीलची वाटी उलटी दाबून धरतो मधात. ही तबकडी बुडवून ठेवायची नाही, धुतली की लगेच पाणी टिपून भांड्याच्या जाळीत उभी करून पंख्याखाली. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते केटलीचं बूड पाहिलं की समजते, तोच पांढरा थर खाचेत बसते. ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी कुठल्याही ऑटोपार्टवाल्याकडं मिळते, ते आण. पाणी म्हणून माग, ॲसिड नको आणू, दोन्हीचे कॅन सारखेच दिसतात. एलपी-ईपीलाही हेच पाणी, विनाइलला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते पण तू दोन बाटल्या ठेवशील आन कधीतरी चुकशील, म्हणून नकोच.

वाजवायचं कशावर? चावीच्या मशीनवर फक्त ७८. एलपी चुकूनही नाही, एका चकरीत कापून टाकते. चावी घट्ट भरून बघू नको, आधी हळू पाच-सहा आटे दे आन तबकडी न ठेवता प्लेट फिरू दे. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं असेल, मोटर धाडधाड उड्या मारेल. तेल-ग्रीस जाणकाराकडून करून घे, स्प्रिंगचा डबा स्वतः उघडू नको, ती पाती सुटली की बोटं घेऊन जाते. साउंडबॉक्सची रबरं कडक झाली असतील म्हणून आवाज फाटका येईल, मी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी लावून काम चालवलं आहे, छान चालते.

तो प्लॅस्टिकचा प्लेअर. त्यात बहुधा क्रिस्टलचं कार्ट्रिज, म्हणजे सुई धरून आवाज उचलणारा भाग, असेल, ते आपल्या पावसाळ्यात ओल धरून मरते, मोटर फिरेल पण आवाज नाही येणार, म्हणून प्लेअरच गेला असं समजून भंगारात नको देऊ. कार्ट्रिज बदलता येते. पाहा, त्याच्या टोकाला उलटसुलट करायची छोटी दांडी आहे का, एकीकडं ७८ आन दुसरीकडं एलपी लिहिलेलं. ती दांडी म्हणजे दोन सुया. ७८ ची सुई तीन मिल, म्हणजे पाऊण दशांश मिलिमीटर, आन एलपीची त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी. एलपीच्या सुईनं ७८ वाजवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन कचऱ्यातून फरफटते, आन ७८ च्या सुईनं एलपी वाजवली तर खाचेच्या भिंती चिरते. ऑनलाइन जे नवीन सूटकेस प्लेअर तीन स्पीडचे म्हणून विकतात त्यात ७८ चा स्पीड असते पण बहुतेकांत सुई एलपीचीच. पैसे असतील तर साधं चांगलं टर्नटेबल घे ज्याला कार्ट्रिज बदलता येते, वजन दोन ग्रॅमच्या आसपास ठेवता येते, आन ७८ साठी वेगळी सुई घे. झिजलेल्या तबकडीत तर अजून एक गंमत आहे. थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई लावली तर ती भिंतीच्या अशा उंचीवर बसते जिथं जुनी पिन पोचलीच नव्हती, आन मेलेली समजलेली तबकडी बोलायला लागते. तुझ्या करड्या तबकड्यांना हाच उपाय.

अमेरिकेतून कोणी पाहुण्यानं आणलेला जुना प्लेअर असेल तर एक बघून घे. मोटर तिकडच्या ६० हर्ट्झच्या विजेची असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सहातले पाच भागच फिरते, ३३ चं २८ होते, लताबाईंचा आवाज पुरुषासारखा. व्होल्टेजनं स्पीड तसा बदलत नाही, लोक उगाच स्टॅबिलायझर लावतात. स्पीड पाहायला स्ट्रोबची कागदी चकती मिळते, ५० हर्ट्झला ३३ साठी १८० रेघा, ७८ साठी ७७, चोकवाल्या ट्यूबलाइटखाली धरली की रेघा उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. एलईडीखाली बहुतेक नाही दिसत. माझ्या घरी एक ट्यूबलाइट फक्त त्यासाठी ठेवली आहे, पोरं हसतात.

आता भाव. इथं तुझा हिरमोड होणार. हिंदी सिनेमाच्या ७८ आन ईपी भरमसाट निघाल्या, झिजलेल्या तर शंभर-दीडशेलाही लोक नाक मुरडतात, निदान माझ्या अनुभवात. १९७५ च्या 'शोले'च्या संवादांची एलपी लाखमोलाची म्हणून सांगतील, ती घरोघरी होती. भाव कशाला येते तर जे थोडंच निघालं आन थोडंच राहिलं त्याला. गायिका गौहर जाननं १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या रेकॉर्डिंगवाल्या फ्रेड गायसबर्गसमोर गायलं तिथून आपल्याकडं या धंद्याची सुरुवात. १९०८ ला सियालदाला कारखाना निघेपर्यंत तबकड्या दाबायला जर्मनीत, हॅनोव्हरला पाठवत होते. म्हणून जुने गायक शेवटी आपलं नाव सांगतात, तिकडच्या माणसाला कोणाची कोणती ते समजावं म्हणून. एकाच बाजूला गाणं आन मागं कोरी अशी तबकडी निघाली तर मला आधी फोटो पाठव. एचएमव्हीच्या लेबलवर एन, कोलंबियावर जीई, ट्विनवर एफटी अशी अक्षरं आन आकडा असते, ते सगळं वहीत लिहून काढ, तेच तुझं खरं पहिलं काम. मुंबईला सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स म्हणून मंडळी आहेत, १९९० पासून, त्यांच्या कामात या आकड्यांवरूनच साल लागते.

एक अपवाद, इंग्रजी बघ. बीटल्सच्या ७८ भारतात दाबल्या गेल्या, साठच्या दशकात, जेव्हा इंग्लंडात ७८ बंदच पडल्या होत्या. आपल्या खेड्यापाड्यात वीज नव्हती, चावीच्याच मशीन होत्या, म्हणून आपल्याकडं ७८ उशिरापर्यंत निघत राहिल्या. तिकडचे शौकीन त्याला चांगली किंमत मोजतात. मंडपवाल्याच्या पेटीत निघायची आशा कमीच, पण वऱ्हाडात काय निघेल सांगता येत नाही, आमच्या इकडं एका जिनिंगवाल्याच्या घरून पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे बारा इंची संच निघाले होते, पाकिटाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

बाहेर बातमी फुटली की कोणीतरी गाडी घेऊन येईल आन म्हणेल, ही पेटी काय कामाची, ही द्या, मी तुम्हाला पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन देतो. नको देऊ. ते चमचमते पितळी कर्णेवाले बहुतेक आता बनवलेले असतात, अष्टकोनी लाकडी डबा, कुत्र्याची पाटी, आन आत तुझ्यासारख्याच पेटी-ग्रामोफोनची काढलेली मोटर. म्हणजे तुझी पेटी घेऊन तिचीच मोटर दुसऱ्याला पितळ लावून विकणार. कर्णा दिसायला भारी, आवाज टिनाचा.

कुरिअरनं मागवणार असशील तर तेही सांगतो. एका विकणाऱ्यानं मला "एकदम मिंट", म्हणजे नव्यासारखी, म्हणून ७८ ची पाठवली, नुसत्या बबलमध्ये गुंडाळून, आली ती दोन फाक्या होऊन. तो म्हणे तुम्ही उघडताना मोडली. तेव्हापासून मी सांगूनच ठेवतो, दोन्हीकडं तबकडीपेक्षा मोठा पुठ्ठा, मधात हलायला नको, आन मग डब्यात भोवती चुरगळलेला कागद.

ठेवायच्या उभ्या, पुस्तकासारख्या, तिरप्या नाही, थप्पी तर नाहीच, लाखेची थप्पी स्वतःच्या वजनानं तळाची तबकडी चिरते. लाकडी रॅकपेक्षा लोखंडी कपाट बरं, आपल्याकडं उधईचा काय भरोसा.

वाजायला लागल्या की आधी कॉम्प्युटरवर उतरवून घे. ७८ चा स्पीड नसेल तर ४५ वर वाजवून ऑडासिटी नावाच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये वाढवता येते, चालते तसं. खरखर काढायचे बटण जास्त दाबू नको, गाण्याचा जीव निघून जाते आन बादलीतून आल्यासारखा आवाज राहते. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही तशीच ठेव, नावात तो लेबलचा आकडा लिही. यूट्यूबवर टाकायच्या आधी थोडं पाहा, रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या सालापासून साठ वर्षं राहते आन गीतकार-संगीतकाराचा हक्क वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे तबकडी जुनी म्हणून सगळं मोकळं असं नाही.

एवढं करून काही अडलं तर ये इकडं, आर्वीच्या गाडीनं ये. सगळी पेटी नको आणू, खड्ड्यात फुटतील. त्यातली सगळ्यात करडी, तुझ्या घरचे "ही तर मेली" म्हणतात ती एक आण, टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरून. माझ्याकडं तीन जाडीच्या सुया आहेत, बघू कोणती बसते. आन येताना बॅटरीच्या पाण्याचा एक कॅन आण न, आमच्या इथल्या दुकानात संपलं आहे.